ठाण्यातला चहा

अण्णा, शहरात परत कर्फ्यू लागलाय. सकाळी उठून खिडकी उघडली तर रस्त्यावर दोन शिपाई आणि एक कुत्रं, बाकी सगळा शुकशुकाट. क्रांती चौकापर्यंत म्हणे असंच आहे. तुम्ही असता तर आधी दुधाची पिशवी हुंगून बघितली असती, मग दाराची कडी परत परत ओढली असती आणि म्हणाला असता, "कायतरी शिजतंय." तुम्हाला कायमच कायतरी शिजत असायचं. दूधवाल्याचा संशय, मीटर बघायला येणाऱ्याचा संशय, माझ्या मैत्रिणींचा तर विचारूच नका. वर्कशॉपमधून घरी आलात की रिकामा डबासुद्धा उघडून बघायचात, मधे कुणी हात तर लावला नाही ना म्हणून. हा स्वभाव पोरीत जसाच्या तसा उतरलाय असं आई शेवटपर्यंत म्हणत होती, आणि कौतुकानं म्हणत नव्हती. आता सांगूनच टाकते. आयुष्यात ज्याचा संशय मी सगळ्यात जास्त वर्षं सांभाळला, ते तुम्ही.

मी फ्रॉकात होते तेव्हाची गोष्ट. तेव्हाही कर्फ्यूच होता आणि मधेच थोडा वेळ सूट दिलेली. आई माझा हात धरून दळण आणायला निघालीय, रस्ताभर बायका पिशव्या घेऊन पळताहेत. पोलीस ठाण्यासमोरून जाताना मी मान वळवते, तर व्हरांड्यातल्या बाकावर तुम्ही. शेजारी साहेब बसलेत, तुमच्या हातात बशी आहे, तुम्ही चहावर फुंकर घालताय आणि हसताय. घरी तुम्ही असं कधी हसत नव्हता. आदल्या दिवशीच आमच्या मागच्या गल्लीतली माणसं धरून नेली होती आणि तुम्ही तिथं चहा पीत होता! मी "अण्णा" म्हणून हाक मारणार तेवढ्यात आईनं मनगट असं आवळलं की डोळ्यात पाणी आलं. "खाली बघून चल," म्हणाली. मागं किराणावाल्याची बायको कुणाला तरी सांगत होती, "हाच तो. नाव हक्क समितीचं, काम खबऱ्याचं." मी ते घरी बोलले नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही उलट मलाच विचारलं असतं, की तुला हे विचारायला कुणी पाठवलं.

तुमची ती हक्क समिती अजून आहे, धरून नेलेल्या माणसांसाठी धावणारी. तुमच्या वेळची माणसं बरीचशी गेली, राहिले ते चाचा, तुमचे घड्याळवाले दोस्त. दुकान पोरांनी मोबाईलचं केलं, पण चाचा अजून डोळ्याला भिंग लावून कोपऱ्यात बसतात. नवीन लोकांत एक वकीलबाई आहे, फुलंब्रीहून रोज ये-जा करायची, आता इथंच उस्मानपुऱ्यात राहते. हुशार आहे, तोंडाची फटकळ आहे, मला आवडते. बैठका माझ्या मेडिकलच्या मागच्या खोलीत होतात, कारण कर्फ्यूत औषधाचं दुकान उघडं ठेवता येतं आणि कुणी आत शिरलं तर गोळ्या न्यायला आलाय म्हणता येतं. बघा, तुमचीच लेक.

ह्या वेळी दगडफेक झाली, कर्फ्यू लागला आणि जुन्या वस्तीतून पोलिसांनी माणसं उचलली. त्यात एक बेकरीवाला होता, पहाटे भट्टी पेटवायला निघालेला. त्याची बायको ठाण्यात गेली तर म्हणाले, असा कुणी इथं नाहीच. दुसऱ्या ठाण्यात गेली, तिथंही नाही. वकीलबाई म्हणाली, धरलेल्या माणसाला चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करावं लागतं, आणि तो आमच्याकडं नाहीच असं म्हटलं की ते घड्याळच सुरू होत नाही. म्हणजे त्याला मारहाण झाली तरी दाद कुठं मागायची? म्हणून आम्ही ठरवलं, सूट मिळाली की सगळ्यांनी मिळून त्या गल्लीत जायचं, घरोघर विचारायचं कुणाला नेलं, कुणी नेलं, बघितलं कुणी. हे माझ्या मागच्या खोलीत ठरलं, दार लावून. आणि सूट मिळाल्यावर आम्ही पोचलो तर गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी! हवालदार पुढं येऊन म्हणतो, "या मॅडम, तुमचीच वाट बघत होतो." तो आमच्या मागं मागं दारोदार फिरला. कुठलं दार उघडतंय? बेकरीवाल्याच्या बायकोनं खिडकीची फट केली, आम्हाला बघितलं, आमच्या मागं खाकी बघितली आणि आतूनच म्हणाली, "तुम लोग उन्हीच के साथ आये ना?" खिडकी बंद.

त्या दिवशी समितीत कुणी कुणाशी धड बोललं नाही. जो तो दुसऱ्याच्या फोनकडं बघत होता. मग वकीलबाई मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि म्हणाली, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. सकाळी मी चाचांना ठाण्यातून बाहेर येताना बघितलंय. एकटेच होते. रुमालानं तोंड पुसत होते." मी म्हटलं, शक्यच नाही. तोंडानं म्हटलं. मनात मला एकदम बशी दिसली, आणि फुंकर, आणि तुम्ही.

तुम्ही जे केलं असतं तेच मी केलं. दुसऱ्या दिवशी चाचा आले, नेहमीसारखे स्वयंपाकघरात फळीला टेकून बसले, तुम्ही बसायचा तिथं. मी पोहे दिले. ते शेंगदाणे वेचून आधी खातात, तसे खात होते. मी गॅसकडं तोंड करून म्हटलं, "चाचा, उद्या आपण कोळसेवाल्यांच्या गल्लीत जायचंय." असं काही ठरलं नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, मीच तेवढ्यात मनानं रचलेलं. चाचा म्हणाले, "हौ, ठीक है," आणि पोह्यांवर लिंबू मागितलं. दुसऱ्या दिवशी सूट मिळाल्यावर मी एकटी औषधाची पिशवी घेऊन कोळसेवाल्यांच्या गल्लीत गेले. तोच हवालदार उभा. "मॅडम, एकट्याच? बाकीचे कुठंयत?" खरं सांगू का अण्णा, मला आनंद झाला. सापडला म्हणून झाला. घरापर्यंत तो टिकला, आणि कुलूप उघडताना मला रडू फुटलं, कारण चाचा सापडले म्हणजे तुम्हीही सापडलात.

मी वकीलबाईला बोलावलं, चाचांना बोलावलं. म्हटलं जे व्हायचं ते समोरासमोर होऊ दे. "चाचा, आपण कुठं जाणार ते ठाण्यात कुणी सांगितलं?" मला वाटलं ते गडबडतील, नाय म्हणतील. त्यांनी भिंग पुसत माझ्याकडं असं बघितलं, जसं मी विचारलं असावं की सकाळ कुठून होते. "मैं बोल्या। और कौन बोलेंगा?" म्हणाले. वकीलबाई ताडकन उठली. चाचा म्हणाले, "बैठ बेटा। इसके बावा के टाइम से ऐसाच चलता। वो थे तो वो जाते थे, अब मैं जातूं।" मग माझ्याकडं वळले, "मेंढरोंवाली बात नै सुनी तूने?"

मेंढरांची गोष्ट मी ऐकली होती, लहानपणी, आणि निव्वळ गोष्ट म्हणून. आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा कुठल्याही गावच्या शिवारात शिरायच्या आधी पाटलाच्या दारात जाऊन उभे राहायचे. आलोय, एवढी मेंढरं हायेत, अमक्याच्या वावरात बसवणार, परवा उठणार. मग कुणाचं पीक खाल्लं गेलं, कुणाची शेळी गेली, तरी गावानं पहिलं बोट मेंढक्याकडं करू नये. तर तुम्ही तेच शहरात आणलंत. मोर्चा असो, धरणं असो, कुणाच्या गल्लीत जायचं असो, आधी जाऊन साहेबाला तोंडावर सांगायचं, चोरून केलं असं म्हणायची सोय त्यांना ठेवायची नाय. आणि हे समितीत कुणालाच सांगितलं नाहीत! निम्मे लोक भांडले असते म्हणून. चाचा सोडून तुमचा कुणावरच भरवसा नव्हता. तुम्ही गेल्यावर चाचा गुपचूप जात राहिले, आणि आम्ही इतकी वर्षं समजत होतो की आमच्यावर केस होत नाहीत ते आमच्या वजनामुळं.

"आणि चहा?" मी विचारलं. "चहा कशाला प्यायचा तिथं?" चाचा हसायला लागले. "अगे, चाय कू टाइम लगता। मंगाव, आन दे, गरम है बोलके फूंकते बैठ। वो बाक से कोठडी का दरवाजा दिखता, और दरवाजे के बाहर चप्पलां।" कोठडीत घालायच्या आधी चपला बाहेर काढायला लावतात म्हणे. रजिस्टरात नाव नसलं तरी चप्पल तिथं असतेच. "तेरे बावा एक चप्पल देखके आदमी पहचानते थे। साब कू हसाते जाना और चप्पलां देखते जाना। मैं उतना होशियार नै, पन आज सुबे बेकरीवाले की पहचान्या। पट्टे में मैदा भरा हुआ था। तुमकू बतानेच आ रहा था, तो तेरा बुलावा आया।"

वकीलबाई तिथल्या तिथं अर्ज लिहायला बसली. बेकरीवाल्याला कोर्टापुढं आणावं लागलं, जामीन झाला, तो घरी आला. पण बाई गप्प बसणारी नाही. ती चाचांना म्हणाली, "माणूस सापडला, मान्य. पण तुम्ही सांगितलंत म्हणून पोलीस आमच्या आधी गल्लीत पोचले, आणि बायांनी दारं उघडली नाहीत. बाकीची माणसं अजून कुठं आहेत ते आपल्याला कळलेलं नाही. त्याचं काय?" चाचांनी टोपी काढून तिची कड सरळ केली. मग म्हणाले, "हौ। वो बी सच है।" त्यांच्या गल्लीतही आता खबऱ्या म्हणायला लागलेत त्यांना, नातसुनेनं येऊन मला सांगितलं. ते स्वतः मला एवढंच म्हणाले, "अब मेरे से नै होता। अब तू जा।" समितीत आम्ही ठरवलं, गल्लीत जायचं ते यापुढं न सांगता, पण ठाण्यात तर कुणीतरी गेलंच पाहिजे, त्या बाकावर बसलंच पाहिजे. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

तर आज मी गेले होते, अण्णा. पाटीवर शहराचं नवं नाव आहे, बाक मात्र तसाच लाकडी. साहेब तरुण आहे, बोलायला गोड. रुग्णांसाठी कर्फ्यूच्या पासचं निमित्त काढून गेले होते, त्यानं अर्ज घेतला आणि आवाज दिला, "मॅडमला चहा सांगा रे." मी बाकावर बसले. समोर रस्ता. रस्त्यापलीकडं दळणाच्या रांगेत आमच्याच गल्लीतली एक बाई उभी, पिशवी छातीशी धरून, टक लावून माझ्याकडंच बघत होती. माझे कान तापले. मी म्हटलं, "नको साहेब, उपवास आहे," आणि उठलेच. पायऱ्या उतरले ते खाली बघूनच, आईनं शिकवलं तसं.

तुम्ही तिथं बसून फुंकर घालत होता, आणि समोरून आम्ही जात होतो. तुम्हाला आम्ही दिसलो असणारच. कशी ढळली नाही हो तुमची बशी? आणि खरंच दर वेळी चपलांसाठीच बसत होतात का? चाचा तसं म्हणतात, पण चाचा तुमचे दोस्त. मला अजून थोडा संशय आहे, तो जाईल असं वाटत नाही, आणि गेला नाही तर तुम्हाला राग येईल असंही वाटत नाही. हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे. घरात कुठं ठेवलं आणि कुणाच्या हाती लागलं तर काय काय अर्थ काढतील.

मघाशी चाचांचा फोन आला होता. दोन घरच्या बाया त्यांच्या दारात बसून आहेत, नवऱ्यांचा पत्ता नाही. त्यांनी विचारलं, "चाय पी?" मी म्हटलं, व्हय. "चप्पलां देखी?" मी म्हटलं, दरवाज्यापाशी काहीच नव्हतं, चाचा, साफ होतं. ते म्हणाले, अच्छा, फिर इन कू बोलतूं, ठाने में नै हैं. उपवास नव्हता, अण्णा. आणि दरवाज्याकडं मी बघितलंच नाही.