कोपराने चालणारं शिवणयंत्र

ती. आत्यास,

गुडघ्याला पट्टी असल्यामुळे साष्टांग जमत नाही, तेव्हा उभ्यानेच नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? मी खुशाल, आणि तुला सांगायला हरकत नाही, जरा फुशारलेलीही आहे.

यंदा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एक विषय आहे: एखाद्या गरजू माणसाच्या खरोखर उपयोगी पडेल असं काहीतरी बनवायचं. आम्हा चौघींच्या वाट्याला शिवणकाम करणाऱ्या एक काकू आल्या. अपघातानंतर पायांत जोर नाही, शिलाई मशीनच्या मोटरचं पायडल दाबता येत नाही, त्यामुळे तीन वर्षं मशीन झाकून ठेवलेलं. आम्ही दीड महिना खपून गुडघ्याने चालणारा सेन्सर केला (चाचण्या माझ्या गुडघ्यावर झाल्या, म्हणून पट्टी). काकूंच्या खोलीत तो जोडला, आमचे सर कौतुकाने बघायला वाकले, त्यांना शिंक आली, टेबल हललं आणि मशीन जे सुटलं ते सरांची बाही फडक्याला शिवूनच थांबलं. तेही काकूंनी शांतपणे प्लग काढला म्हणून.

मग त्या म्हणाल्या, "पोरींनो, गुडघाही माझं ऐकत नाही."

आत्या, आम्ही टेबलाची, खुर्चीची, पायांची, सगळी मापं घेतली होती. एवढं एक विचारायचं राहिलं होतं.

"मग काय चालेल?" मी विचारलं.

"कोपर. हात कापडावर असतात, कोपर रिकामंच असतं."

मग सायकलच्या ब्रेकची तार, एक दांडी, एक स्प्रिंग. दांडी आधी इतकी कडक झाली की मलाच दाबवेना, मग इतकी सैल की पदर लागला तरी मशीन चालू. काकू दर वेळी चूक दाखवत, आम्ही घासत बसायचो. चौथ्या खेपेला त्यांनी कॉलर लावायला घेतली. वळणावर हळू, सरळ आल्यावर जोरात, एकही टाका वाकडा नाही. आवाज ऐकून त्यांचे यजमान स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी दारात येऊन उभे राहिले. आम्ही चौघी उगाचच तारेकडे बघत राहिलो. मी इंजिनिअर होणार हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं.

तुझी,
भाची

ता. क.: मार्क शंभरात बावन्न. "मंजूर आराखड्यातला सेन्सर प्रत्यक्षात आढळला नाही," असा शेरा आहे. हे बाबांना कळवू नकोस.

आणखी एक ता. क.: बाबांना एवढंच कळव की मी सुट्टीत घरी येत नाही. काकूंच्या ओळखीच्या दोघीजणींना अशीच दांडी हवी आहे आणि आम्ही हो म्हणून बसलोय. तुझा भाऊ तुझं ऐकतो. निदान तुझ्यासमोर ओरडत तरी नाही.