पुढचं डावं चाक

३ ऑक्टो.
नेकनूरपर्यंत जाऊन आले. गाडी सारखी डावीकडं ओढती. स्टेअरिंग जरा सैल सोडलं की थेट बाभळीत. ब्रेकवर पाय न्हाई तरी कुणीतरी मागून धरल्यागत. केजमधी शिरताना करपल्याचा वास. उतरून चाकांवर बाटलीतलं पाणी शिंपडलं. तिन्ही गार. पुढचं डावं, चर्रर्र.
स्टँडसमोर एक बाबा बघत उभा. "तवा तापलाय माय, टाक भाकर."
हस बाबा.

४ ऑक्टो.
अप्पा जेवताना: "सोयाबीन यायलंय. गाडीनं अडवलेलं गोदाम मोकळं पायजे. पाटोद्याच्या भागवतरावाला बोललोय. दिवाळीच्या पाडव्याला गाडी घिऊन जाईल."
भागवतराव म्हंजे मंडपवाला. वरचं टप कापणार, नवरदेवाला आत उभं करणार, वरातीला भाड्यानं देणार.
मी म्हणले, गाडी माझी हाय. काकानं पुण्याहून मला दिली.
"चालती हाय तवर तुझी. बंद पडली की विका. आसं म्हणलाय त्यो. माझ्यासमोर, फोनवर."
खरंय. तसंच म्हणलाता काका.
आई: "तसं बी दोनच माणसाची. पाव्हणे कुठं बसवायचे?"
नकाच बसवू. ह्या घरात एवढी एकच वस्तू हाय जी माझी हाय. (आरसी बुकावर अजून काकाचंच नाव. तरी.) चालती ठेवायची. पाडव्यापर्यंतच न्हाई, पुढं बी.

६ ऑक्टो.
सलीमभाईच्या गॅरेजला. त्यानं चाक फिरवून बघितलं. फिरंना.
"ताई, एक काम करतो. ह्या चाकाचा ब्रेकचा पाइप दाबून बंद. तीन चाकांचे ब्रेक बस झाले. आपल्याकडच्या जीपा कशावर चालत्यात?"
आणि घाटात?
"घाटात दुआ."
हसू आलं. पण न्हाई म्हणले. नीट करायचं.
"मग कंपनीत न्या पुण्याला. न्हाईतर अप्पांना विचारून या, काय करायचं ते."
अप्पांना कावून? गाडी मी आणली, बिघाड मी सांगितला, तुमच्यासमोर मी उभी. जॅक मागितला. जॅक द्या, मी करते.
दिला. "पायावर पडली तर माझं नाव घिऊ नका."

७ ऑक्टो.
मासिकाकडून माझी कथा परत. "कथानक सापडत नाही." शिवाय पूर्णविराम घालून पुन्हा पाठवा म्हणे. चार पानं एका दमात लिहिलीती, मुद्दाम, दम लागावा म्हणून. घालणार न्हाई घालणार न्हाई घालणार न्हाई

८ ऑक्टो.
गोदामात, जॅकवर. व्हिडिओ बघून बघून डोळे दुखायले पण एक गोष्ट पक्की कळली. ब्रेक दोन कारणानं अडकतो. एक तर दाबलेलं तेल पाइपात कोंडून ऱ्हातं, न्हाईतर चाकाजवळ लोखंडच आखडतं. कोणतं ते कळायला कॅलिपरचा छोटा निपल ढिला करायचा. कॅलिपर म्हंजे डिस्कला चिमट्यागत धरतो तो. कोंडलेलं तेल असंल तर पिचकारी उडती अन् चाक सुटतं.
ढिला केला. दोन थेंब. चाक जागच्या जागी.
म्हंजे तेल न्हाई. लोखंड.
आई दारात: "पदर... ओढणी तरी काढून ठिव, गुतल." काढली. तिनं उचलून न्हेली, काळी झालती. तशीच भिजत घातली. तेच लई.

९ ऑक्टो.
डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅड बाहेर काढले. बाहेरचा निम्मा शिल्लक, आतला झिजून पत्र्याला आलेला. एकीकडूनच दाबत होता. कॅलिपर दोन पिनांवर मागं-पुढं सरकतो. वरची पिन बोटानं सरकली. खालची हातोडीनं बी न्हाई.
अप्पांचा आडतीतला हमाल म्हणला, घण आणू का?
नको रे बाबा.
पाना लावून, थोडं हिकडं थोडं तिकडं, वळवत वळवत... दुपारी निघाली. तिची रबरी टोपी फुगून फाटलेली. पिनेवर पिवळं, चिकट, डिंकागत. ग्रीस असलं नसतं. वास घेतला. ओळखीचा. जुन्या कढईच्या काठाला तळणाचं बसतं ना, घासून निघत न्हाई ते. तेच.
करडीचं तेल. अन् पिवळं म्हंजे हळद.
गाडीच्या ब्रेकात हळद??

१० ऑक्टो.
अप्पा काट्याजवळ. पोतं चढवलेलं. पिन पुढं धरली. हे कुणी केलं?
"कावून?"
सांगा.
वजन लिहून घेतलं. मग: "पोळ्याच्या आदल्या सांजंला. खांदमळण केली."
गाडीची?
"मग कुणाची करू? बैल ठिवलेत का आपण? लहानपणी पाच-पाच जोड्यांचे खांदे तेल-हळदीनं मळलेत ह्या हातानं. ती चूं चूं करायली. उभ्या जनावराचा खांदा आखडतो. खाली शिरलो, रबर उचकटलं, चमच्यानं घातलं."
एकाच चाकाला?
"उजवीकडं भिंत. मागं पोती. म्या काय साप हाय का?"
हमाल तोंड फिरवून हसायला. मला बी येत होतं, दाबलं. लोखंडात घातलेलं करडीचं तेल तापलं की डिंक होतं अप्पा. बैल न्हाई ती.
"आता कळलं."
एवढी माया तर विकता कावून?
"शब्द दिलाय बाई. आडत शब्दावर चालती."
शब्द तुमचा. गाडी माझी.
हमालाला म्हणाले, "उतर बे पोतं, बघतोस काय."

१४ ऑक्टो.
संभाजीनगरहून पार्सल आलं. पॅड, रबरी टोप्या, ब्रेकचं वेगळं ग्रीस, जे रबराला खात न्हाई. स्टँडवर घ्यायला गेले तर सलीमभाई: "अजून जिती हाय का गाडी?"
जिती हाय. मी बी.

१६ ऑक्टो.
पिन पॉलिश पेपरनं घासली, स्पिरिटनं पुसली. भोक आतून साफ. नवी टोपी. कॅलिपर बसवला, बोटानं सरकतोय!! दुसऱ्या बाजूचं बी उघडून बघितलं, तिथं काही न्हाई (भिंतीचे उपकार). निपल उघडला, आईला पॅडल दाबायला बसवलं, हवा काढायला.
"दाब." "दाबलं." "सोड." "सोडलं. किती येळ गं? भाजी हाय वर."
तरी बसली. शेवटी स्वतःच स्टेअरिंग धरून बघितलं, दोन्ही हातानं. मी बघितलं ते तिला कळू दिलं न्हाई.
चाक एका बोटानं फिरलं.

१९ ऑक्टो.
भागवतराव टेप घेऊन आला. टप मोजायला लागला. माझ्यासमोर. नवरदेव फेट्यासकट किती उंच धरायचा ते अप्पांना विचारतोय.
मी म्हणले, हात काढा.
"ताई, रागावू नका. तुमच्या लग्नाला फुकट देतो."
माझ्या लग्नाला मी चालवत येईन.
"अप्पांचा शब्द हाय." अप्पांकडं बघितलं त्यानं. अप्पा पोत्यांकडं. हो म्हणले न्हाईत. न्हाई बी म्हणले न्हाईत. हीच चीड येती मला.
भागवतराव जाताना: "पाडव्याला माणसं घिऊन येतो."
यायची गरज न्हाई. मीच जाते पाटोद्याला. त्याच्या दारात गाडी उभी करून सांगते, चालती हाय, म्हणून माझी हाय.

पाडवा. मांजरसुंबा, हॉटेलात.
सकाळी गाडी बाहेर काढली. अप्पा दुकानाची पूजा उरकून आले, नवं धोतर, कपाळाला इभूत. वाटलं अडवणार. दार उघडून शेजारी बसले. गुडघे छातीला लागले.
कुठं?
"पाटोद्याला चाललीस न्हवं? शब्द म्या दिला. तू एकलीनं जाऊन त्यो माघारी आणशील, तर माझं तोंड कुठं ऱ्हातं?"
म्हंजे मोडायला चाललेत का पाळायला, विचारलं. "रस्ता बघ" म्हणले.
गाडी सरळ चालती. हात सोडून दाखवला. ओरडले. वळणावर ब्रेक दाबला, सोडला, सुटला. पुन्हा दाबला, सोडला, सुटला. "कितींदा करतीस?" लाख येळा करीन.
आता च्या पीत बसलेत, समोर. चाकं बघून आले मी, चारी सारखी. हे लिहितेय ते दिसतंय त्यांना.
सांगितलं त्यांना: भागवतरावाच्या दारात तुमी उतरा, काय बोलायचं ते बोला. मी उतरणार न्हाई. इंजन बी बंद करणार न्हाई. त्याला हो म्हणलात तरी गाडी वळवून घरी. मागं ऱ्हायचं असंल तर यष्टीनं या.
बशीत च्या ओतला, फुंकला. "आन् न्हाई म्हणलो तर?"
तर बसा.
"बघू," म्हणले. उठलेत.