निवृत्त प्राध्यापकांचा अधिकृत चरित्रकार

३ जून
आजपासून रोजनिशी. थोर माणसं लिहितात, आणि थोरपणाची सुरुवात झाली आहे. विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात नोकरी लागली. तात्पुरती. मामा तिथे हेडक्लार्क आहेत, पण निवड गुणांवर झाली. मामा म्हणाले, दुसरं कोणी आलंच नाही. वेळेवर हजर राहणं हाही गुणच.
काम: निवृत्त प्राध्यापकांची स्मरणिका. भेटायचं, ऐकायचं, अख्खं आयुष्य आणि कारकीर्द एका पानात बसवायची. स्मरणिका चांगली निघाली तर नोकरी कायम. कायम झालो की लांब रजा टाकून भटकायला मोकळा. नोकरीच नसेल तर रजा कशाची काढणार? हे लोकांच्या लक्षात येत नाही.
ताई म्हणाली, ही नोकरी सोडलीस तर खोलीपण सोड. भाऊजी नुसते खोलीत उभे राहून कपाट कुठे बसेल ते बघत होते.

४ जून
भूगोलाच्या सरांकडे निघालो. वाटेत सायकलवाल्याच्या दुकानात गिअरचं काम चाललं होतं. थांबलो. चरित्रकाराला सगळं यावं लागतं. सर राहिले.

५ जून, सकाळ
भूगोलाचे सर. उंच, कानात यंत्र. नकाशांमुळे घरात भिंत दिसत नाही. म्हटलं, तुमच्याबद्दल सांगा. म्हणाले, माझं काय सांगायचं, साधा माणूस मी. आणि शेजारच्या विभागातल्या इतिहासाच्या मॅडमवर सुरू झाले. दोन विभागांच्या मधे एक रिकामी खोली होती. सरांना ती नकाशांसाठी हवी, मॅडमना जुन्या नाण्यांसाठी. दोघं रिटायर झाले तरी निकाल लागला नाही. तोवर शिपायांनी तिथे कॅरम मांडला.
सर म्हणाले, बाईंनी जन्मभर एकाच नोट्स वाचल्या हो. कागद इतके जीर्ण की वर्गात पंखा लावू देत नसत, नोट्स उडतील म्हणून. एकदा काय झालं, त्याच नोट्स
इथे सर वाक्यातच थांबले. उरलेलं पुढच्या तासाला, म्हणाले, आणि आत गेले. घंटा वगैरे काही वाजली नव्हती. त्यांच्या आत वाजली असावी.

८ जून
इतिहासाच्या मॅडम. बुटक्या, आवाज खणखणीत. स्वतःबद्दल विचारलं तर म्हणाल्या, आत्मस्तुती मला जमत नाही, त्या नकाशेवाल्याचं ऐक. तो नकाशाकडे तोंड करून उभ्या उभ्या झोपायचा. पोरांना वाटायचं, सर विचार करताहेत. एकदा पोरांची सहल घेऊन डोंगरावर गेला आणि वाट चुकला. विभागप्रमुख होता रे तेव्हा. शेवटी एका मेंढपाळानं सगळ्यांना खाली आणून सोडलं, प्रमुखांसकट.

१० जून
अडचण: स्वतःबद्दल कोणीच बोलत नाही. सामान्य माणूस इथे खचला असता. मला आंघोळ करताना आयडिया सुचली. मॅडम बोलल्या ते सरांच्या पानावर टाकायचं, सर बोलले ते मॅडमच्या. फक्त जरा पॉलिश करून.
सरांचं पान: ‘नकाशासमोर सर इतके तल्लीन होत, की डोळे आपोआप मिटत. मळलेली वाट त्यांनी कधी धरली नाही. डोंगरातला साधा मेंढपाळही त्यांच्या मदतीला धावून येई.’
मॅडमचं पान: ‘त्यांच्या नोट्स काळाच्या कसोटीला उतरल्या. वाऱ्यावर सोडून द्यावं, असं त्यांच्या वर्गात काहीच नव्हतं.’
स्वतःचंच वाचून भरून आलं.

१५ जून
उरलेले प्राध्यापक दोन दिवसांत संपवायचे. निश्चय.

१७ जून
ओळखीचा ट्रकवाला धरणाकडे चालला होता. गेलो. पाणी बरंच आहे. प्राध्यापक उद्यापासून.

२० जून
दोनच पानं झाली म्हणून मामा चिडले. म्हणाले, भाचेबुवा, आहे ते तरी तपासायला धाडतो. आमच्याकडे नियम असा, की कोणाचंही काम त्याचं त्यानं तपासायचं नाही, बाहेरचा परीक्षक लागतो. म्हणून सरांचं पान मॅडमकडे गेलं आणि मॅडमचं सरांकडे. बरंच झालं. एकमेकांचे चांगले गुण कळतील.

२२ जून, दुपार
दोघं एकाच वेळी ऑफिसात. सर म्हणाले, कसोटीला कुठल्या उतरल्या? मी वाळवी म्हणालो होतो. (वाळवी म्हणाले नव्हते. मला आठवतंय.) मॅडम सरांना म्हणाल्या, तल्लीन? घोरायचात तुम्ही. सर म्हणाले, तुम्हाला काय माहीत, तुम्ही माझ्या वर्गात होतात का? मॅडम म्हणाल्या, भिंतीपलीकडे होते. माझा वर्ग तुमच्या तालावर डुलायचा.
मामा फाइलमागे तोंड लपवून हसत होते. मग सरांनी उठून पंखा बंद केला. मॅडमच्या हातातला कागद फडफडत होता.
हा समेट माझ्या लेखणीनं घडवला, याची नोंद इथे करून ठेवतो.

२२ जून, संध्याकाळ
समेट जरा जास्तच झाला. दोघांनी खिशातून, पर्समधून लाल पेन काढून माझी दोन्ही पानं तपासली. कागद पांढरा कमी, लाल जास्त. मॅडम म्हणाल्या, भूगोल कच्चा आहे याचा. सर म्हणाले, इतिहास त्याहून. शिकलास किती, विचारलं. म्हटलं, शिक्षण चालू आहे. मामांना गप्प बसता आलं असतं. ते म्हणाले, दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलंय.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भुकेल्या माणसांना पंगत दिसावी तसं.

२४ जून
स्मरणिका दोघांनी स्वतःकडे घेतली. मामा म्हणाले, कायम व्हायला पदवी लागते. आधी परीक्षा दे, मग बघू. म्हणजे मला काढलेलं नाही. पुढे ढकललंय.
दोघं ताईकडे चहा पिऊन, मला रोज शिकवायचं ठरवून गेले. ताई म्हणाली, परीक्षेला बसत असशील तर राहा. भाऊजी म्हणाले, साहेबांची अ‍ॅडमिशन झाली म्हणायची.
चरित्रनायकांचा रोजचा सहवास. हेच तर मला हवं होतं.

१ जुलै
वर्ग सुरू, सरांच्या हॉलमध्ये. एक तास सर, एक तास मॅडम. वर्गात मी एकटा. कोणी उत्तर दिलं नाही की सर सगळ्या वर्गाला उद्देशून बोलतात, तुमच्या बॅचला गांभीर्यच नाही.

४ जुलै
चाचणी. सर म्हणतात, नापास झाला ते मॅडमच्या विषयामुळे. मॅडम म्हणतात, सरांच्या. खोलीचं भांडण संपलं होतं, आता माझ्यावरून सुरू आहे. दोघांची तब्येत मात्र सुधारली आहे. उद्या दांडी. निश्चय.

५ जुलै
दांडी मारली. डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलो. पहिल्या तासाच्या सुमारास दारावर टकटक. ताईनं दोघांना थेट खोलीत आणलं. सरांनी नकाशा खिळ्याला अडकवला. मॅडमनी हजेरीपट उघडला. पुकारायला एकच नाव, तरी दोनदा पुकारलं.
हजर म्हणालो.