तक्रार करण्यासारखं काही नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

ग्लेनिससाठी निळा बॅज काढायचं आज ठरवलं. चालणं अवघड झालेल्यांना नगरपालिका देते तो हा बॅज गाडीच्या काचेत ठेवला की अगदी दाराशी गाडी लावता येते, एरवी मनाई असलेल्या पिवळ्या रेघेवरसुद्धा. आमचं चॅपल चढावर आहे. १३ एप्रिलला, पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, तिथे गानमेळावा. लग्न झाल्यापासून ग्लेनिस आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरांच्या, पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी. यंदा पार्किन्सन्समुळे तिचे पाय जरा विचार करू लागलेत. म्हणजे निघायचं ठरतं, पण पाय निघत नाहीत. एकदा निघाले की उत्तम. लांब गाडी लावून चढ चढायला लागला तर मात्र यंदा मेळावा हुकेल, असं तीच म्हणाली. मी म्हटलं, बॅज महिन्याभरात हातात देतो.

माझ्यासाठी हा पोरखेळ. नगरपालिकेत होतो तेव्हा तिची ऑनलाइन सेवा मीच तर उभी केली. (समितीत आणखी चौघं होते. ते बिस्किटं खायचे.) टाउन हॉलमधलं काउंटर बंद करण्याची सूचनाही माझीच. सेवा वापरून झाली की लोकांना विचारायचो, समाधानी आहात का? ब्याण्णव टक्के लोक ‘समाधानी’ म्हणायचे. लोक उगाच कशाला म्हणतील?

४ फेब्रुवारी

अर्ज उघडला. जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं. वीस मिनिटांत पान पुढे गेलं नाही तर अर्ज आपोआप बंद होतो. तो नियम माझा. आपल्याला काय होतंय हे ज्याला वीस मिनिटांत सांगता येत नाही, त्याला बहुधा काही होतच नसतं, असं मी तेव्हा समितीत म्हणालो होतो. सगळे हसले होते.

ग्लेनिसचा फोटो तीन वेळा परत आला. ‘छायाचित्र हललेलं आहे.’ कॅमेरा जुना झालाय. नवा घ्यायला हवा.

चौथ्या वेळी तिने हात मांडीखाली दाबून धरले, तेव्हा फोटो नीट आला. कॅमेऱ्याचा काही भरवसा नाही.

५ फेब्रुवारी

अर्ज पाठवला. उत्तरं मुद्देसूद आणि सभ्य आहेत, स्वतःलाच शाबासकी दिली.

प्रश्न : अर्जदार किती अंतर चालू शकतात? उत्तर : गरजेपुरतं.

प्रश्न : चालताना त्रास होतो का? उत्तर : तक्रार करण्यासारखा नाही.

संध्याकाळी कार्डिफहून कॅरिसचा फोन. आमची लेक वकील आहे, तिला प्रत्येक गोष्टीत खटला दिसतो. उत्तरं वाचून दाखवली. मग म्हणाली, “डॅड, यात सगळ्यात वाईट दिवस लिहायचा असतो. तू सगळ्यात चांगला दिवस लिहिलायस, आणि तोही गेल्या वर्षीचा. मी येऊन भरून देऊ का?” मी म्हटलं, आपल्या घरात रडगाणं गायची पद्धत नाही. ती म्हणाली, “माहितेय. तेच तर दुखणं आहे.”

तिने मागच्या महिन्यात पाठवलेली चाकांची खुर्ची शेडमध्ये गवत कापायच्या मशिनमागे ठेवली आहे. वर ताडपत्री टाकली. आपल्याला लागणार नाही. कुणा गरजूला देऊन टाकू.

१ मार्च, शनिवार

सेंट डेव्हिड दिन, आमच्या वेल्सचा सण. ग्लेनिसने कोटाला डॅफोडिलचं पिवळं फूल लावलं. पिन मी लावली, तिची बोटं आज घाईत होती.

संकल्प : (१) रोज तिच्यासोबत बागेच्या फाटकापर्यंत चालणं. (२) घाई न करणं. (३) ‘चल चल’ न म्हणणं.

दुपारी फाटकापर्यंत गेलो. येताना ती वाटेतच थांबली. पाय फरशीला खिळले. मी ‘चल चल’ म्हणालो. मग ती हळूच एक स्तोत्र गुणगुणायला लागली आणि तालाबरोबर पाय सुटले. डॉक्टर म्हणतात, असं होतं. मी म्हणतो, मग आजार कसला? गाणं म्हटलं की संपला!

३ मार्च

नगरपालिकेचा ईमेल. तपासणीला घरी बाई येणार, ११ तारखेला. ही चांगलीच खूण आहे. ज्याला बॅज द्यायचा नाही त्याच्या घरी कोण कशाला येईल?

१० मार्च

तयारी जोरात. ग्लेनिस केस सेट करून आली. पार्लरपर्यंत मी गाडीने नेली, आत सोडली, बाहेर आणली. मी खिडक्या पुसल्या. ती सकाळपासून स्वयंपाकघरात होती. ‘बारा ब्रिथ’ भाजला. चहात भिजवलेल्या मनुकांचा हा ब्रेड तिच्या आईच्या हातासारखा तिलाच जमतो. पीठ दोनदा सांडलं. पुसलं मीच. पण ब्रेड फुलला सुंदर.

ठेवणीतल्या कपबश्याही काढल्या. कॅरिसने दिलेले सोनेरी कडांचे कप.

११ मार्च, दुपार

अप्रतिम पार पडलं!

मिसेस प्रॉबर्ट म्हणून बाई आल्या. शांत, हातात टॅब्लेट. “काही करू नका हं, मी लगेच निघणार आहे,” असं दारातच म्हणाल्या. असं सगळेच म्हणतात. ग्लेनिस आत गेली. मी ट्रे घ्यायला उठलो तर तिने डोळ्यांनीच खाली बसवलं. आणि मग ती आली. चहाचा पूर्ण ट्रे हातात, ओठांवर स्तोत्र, स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत एकदाही न थांबता. कप जरा वाजत होते तेवढंच. मला इतका अभिमान वाटला!

बाईंनी विचारलं, “तुम्ही नेहमी अशाच चालता?”

ग्लेनिस म्हणाली, “हो, तसं ठीकच चाललंय. माझ्याहून वाईट हाल असलेली माणसं आहेत की. आणखी एक तुकडा घ्या ना.”

मीही हातभार लावला. म्हटलं, कालच गावात जाऊन केस करून आली.

बाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि ग्लेनिसकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मग टॅब्लेट बंद केला. निघताना ग्लेनिसचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. माणूस खूश असल्याशिवाय असं करत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

बाई गेल्यापासून ग्लेनिस त्याच खुर्चीत आहे. उठता येत नाही म्हणते. सूप मी चमच्याने भरवलं. पाहुणे येऊन गेले की शीण येतोच.

२७ मार्च

नकार.

कुठे तरी तांत्रिक चूक झालेली आहे. पत्राची मांडणी चांगली आहे, परिच्छेद सुटसुटीत. (तो नमुना आमच्याच काळातला.) ‘अर्जदार भरलेला ट्रे घेऊन आधाराशिवाय चालल्या. आदल्या दिवशी गावात जाऊन आल्याचं पतीने सांगितलं. त्रास तक्रार करण्यासारखा नसल्याचं अर्जातही नमूद आहे.’

यातलं खोटं काहीच नाही. पण वाचताना वाटलं, आपलंच बोलणं कुणीतरी वेडावून दाखवतंय.

ग्लेनिसला पत्र दाखवलं. तिने चष्मा न लावताच परत दिलं. म्हणाली, “मी ट्रे न्यायला नको होता का रे, एमलिन?” मी म्हटलं, छे, घरी आलेल्या बाईला चहा विचारायचा नाही म्हणजे काय?

कॅरिस फोनवर ओरडली. “ती परीक्षा होती, डॅड! पाहुणचार नव्हता!” मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. म्हणाली, “मॅमला त्या ट्रेच्या दिवसानंतर किती दिवस लागले सावरायला?” (आईला ती मॅम म्हणते.) मी म्हटलं, लाइन नीट नाही, मग बोलू.

२९ मार्च

फेरविचाराचा अर्ज. आता मात्र ठणकावून लिहायचं ठरवलं.

लिहून झालेलं वाचलं. पहिल्या चार ओळींत त्यांचा वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागितली आहे. पाचवीत मिसेस प्रॉबर्ट फार भल्या होत्या असं म्हटलंय. सहावीत मुद्दा आहे : ‘शक्य झाल्यास पुन्हा विचार व्हावा, न झाल्यास आम्ही समजून घेऊच.’ पाठवून दिलं. पुरेसं कडक आहे.

९ एप्रिल

उत्तर नाही. हरकत नाही. मी तिला दाराशी उतरवेन, गाडी खाली लावून येईन. साधा उपाय. बॅज हवाच कशाला?

कॅरिस म्हणाली मी येते, खुर्ची काढ. मी म्हटलं, चॅपलमध्ये सगळ्यांसमोर? तुझ्या मॅमला किती लाजल्यासारखं होईल! ग्लेनिस बाजूलाच होती. ती स्तोत्रांचं पुस्तक चाळत राहिली. तिचाही विचार हाच असणार.

१३ एप्रिल, पाम संडे

ठरल्याप्रमाणे सगळं झालं. म्हणजे सुरुवात झाली.

ग्लेनिसने निळा ड्रेस घातला. चॅपलच्या फाटकाशी तिला उतरवलं, पायऱ्यांजवळच्या भिंतीला हात लावून उभी केली. मागे गाड्या खोळंबल्या होत्या, त्यांना ‘सॉरी, सॉरी’ करत पुढे निघालो. जागा कुठेच नाही. पार खाली रग्बीच्या मैदानाशी मिळाली. परत चढ चढताना माझीच छाती भरून आली.

वर पोचलो तर बाहेर शुकशुकाट. दार बंद. आणि ग्लेनिस तिथेच. त्याच भिंतीपाशी, तसाच हात लावून.

पाय निघालेच नव्हते. सगळं गाव तिच्या समोरून आत गेलं. गाणं बसवणारा इड्रिससुद्धा थांबला होता म्हणे. “काय ग्लेन, बरी आहेस ना?” आणि ही म्हणाली, “एकदम मजेत. एमलिन येतोच आहे, तू हो पुढे.” असं तिने प्रत्येकाला सांगितलं. एकाला जरी म्हणाली असती की हात दे, तर उचलून नेलं असतं त्यांनी तिला. मी जरा चिडूनच विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, “तू सांगितलं असतंस?”

तेवढ्यात आत गाणं सुरू झालं. चार आवाजांत, ऑर्गनवर, भिंती भरून टाकणारं. आणि तिचे पाय सुटले. खरंच सुटले. माझा दंड धरून ती एकेक पायरी चढली, तालावर, तोंडाने आल्टो म्हणत. दारापर्यंत आलो. मी कडीला हात घातला तर तिने माझं मनगट धरलं. “स्तोत्राच्या मध्येच नको, एमलिन. बरं दिसत नाही.”

मग आम्ही दाराबाहेर उभे राहिलो. ती पूर्ण स्तोत्र गायली, दाराकडे तोंड करून, हळू आवाजात. आत पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी जागा रिकामी असणार. स्तोत्र संपलं आणि आत जायची वेळ आली तेव्हा पाय पुन्हा बसले. तिने एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मग म्हणाली, “लोक बाहेर यायच्या आत घरी नेशील का?”

मी गाडी आणायला खाली गेलो. वाटेत रडलो. चढावर वारा फार होता, असंही लिहिता येईल. पण रडलो.

१४ एप्रिल

सकाळी शेड उघडलं. खुर्चीवरची ताडपत्री काढली, चाकांना तेल दिलं, कोळ्यांची जाळी पुसली. ग्लेनिस खिडकीतून बघत होती. म्हणाली, “मला वाटलं दिलीस कुणाला तरी.” मी म्हटलं, अजून कुणी गरजू भेटलं नव्हतं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

१५ एप्रिल, सकाळी अकरा

फेरविचारही नामंजूर. ‘नव्याने काही माहिती आढळली नाही.’

बरोबर आहे. मी दिलीच कुठे होती!

नवा अर्ज उघडला. ग्लेनिसला शेजारी बसवलं आणि म्हटलं, आज खरं लिहायचं, तुझी हरकत असेल तर सांग. ती म्हणाली, लिही.

लिहिलं. सकाळी मोजे मी घालतो. न्हाणीघराच्या दारात तिचे पाय थांबतात, तेव्हा ती चौकट धरून उभी राहते आणि मला हाक मारत नाही, कारण मी झोपलेलो असतो. मी झोपलेलो नसतो. जानेवारीत दोनदा पडली, आम्ही कॅरिसला सांगितलं नाही. कप धरता येत नाही म्हणून चहा अर्धाच ओतते आणि म्हणते, अलीकडे चहा नको वाटतो. ट्रेच्या दिवसानंतर चार दिवस अंथरुणात होती. पाम संडेला चॅपलच्या दाराबाहेर उभं राहून गायली. मला भीती वाटते. हे शेवटचं वाक्य खोडलं, मग पुन्हा लिहिलं. ग्लेनिसने वाचलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. 

‘पुढे’ दाबलं.

‘वीस मिनिटं उलटल्यामुळे, आपल्याच सुरक्षिततेसाठी, हा अर्ज बंद करण्यात आला आहे. आपण भरलेली माहिती जतन झालेली नाही.’

‘आपल्याच सुरक्षिततेसाठी’ हे शब्द माझे. समितीने टाळ्या वाजवल्या होत्या.

ग्लेनिस म्हणाली, “गेलं का रे सगळं?” मी म्हटलं, गेलं. ती म्हणाली, “चहा ठेवतोस?”

ठेवतो म्हटलं. उठणार तेवढ्यात पडद्यावर चौकट आली. पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आजच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?

 मग ‘समाधानी’ दाबलं. तिथे बसलेल्या कुणाला उगाच वाईट वाटायला नको.