रेकॉर्डी पुष्करला, कॅसेटी आनंदीला

मी, श्यामसुंदर दामोदर केतकर, वय ७८, निवृत्त शिक्षक, राहणार नारायण पेठ, पुणे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घरच्यांचं मत विचारलेलं नाही. कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने हे पहिले व शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवतो, ते येणेप्रमाणे:

१. राहता फ्लॅट व बँकेतील सर्व ठेवी माझी पत्नी सौ. आनंदी हिला. तिच्या पश्चात चिरंजीव पुष्कर यास. तिला खराडीला आपल्या घरी नेण्याचा आग्रह त्याने करू नये. यायचं असेल तर ती सांगेल. बोलणं तिचं शाबूत आहे.

२. माझ्या सर्व रेकॉर्डी व रेकॉर्डप्लेअर पुष्करला. "बाबा, ही अडगळ काढा," असं तो वर्षानुवर्षं म्हणत आला. आता रेकॉर्डींना पुन्हा भाव आल्यावर त्याला त्यांच्यातला गोडवा ऐकू येऊ लागला आहे. उशिरा का होईना, आला. अट एकच: भिंतीवर टांगू नयेत.

३. शेजारचे श्री. गोपाळकृष्ण देव यांनी दोन दिवसांसाठी म्हणून नेलेली नाट्यगीतांची रेकॉर्ड त्यांना बक्षीस. ती त्यांच्याकडे आहेच. आता निदान हक्काने राहील.

४. सर्व कॅसेटी व कॅसेटप्लेअर आनंदीला. यावर कोणी हसेल, म्हणून कारण लिहितो. मी जन्माचा रेकॉर्डवाला. कॅसेटला 'साबणाची डबी' म्हणत असे, आणि आवाजापुरतं ते मत आजही कायम आहे. पण आनंदीच्या हाताला कंप सुरू झाला. सुई टेकवताना घसरायची, रेकॉर्डवर ओरखडा उठायचा. "अहो, तुम्हीच लावा," म्हणायची. मग तेही म्हणेना. कित्येक महिने घरात गाणं नव्हतं. फार वाईट गेले ते दिवस. शेवटी मी माळ्यावरचा कॅसेटप्लेअर काढला. त्याची बटणं जाड. बोट थरथरलं तरी दाबली जातात.

पुष्करने फोन आणून दिला होता. "आई, नुसतं बोल, गाणं लागतं." ती म्हणाली, "म्हणजे त्यालाही सांगायचंच ना? मला कोणाला न सांगता लावायचंय रे."

५. प्लेअरचा रबरी पट्टा सैल झाला की गाणं रेंगाळतं. तेव्हा पेठेतले दुरुस्तीवाले श्री. रामदास यांना बोलवावं व घासाघीस करू नये. सुट्या भागांसाठी जमवलेले बंद प्लेअर त्यांना द्यावेत. ज्याला काही मिळतं तो साक्षीदार नसावा म्हणतात, यामुळेच त्यांना साक्षीदार करता आलं नाही. ते थोडे रुसले आहेत.

६. पुष्कर, हे कलम तुझ्यासाठी. आई कॅसेट घालत असताना मदतीला धावू नकोस. खाचेत बसायला वेळ लागतो. कधी उलटी जाते, कधी हातातून पडते. तुला बघवणार नाही. मलाही बघवत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात हात मागे घट्ट बांधून उभा राहतो आणि गाणं सुरू झालं की मगच बाहेर येतो, काही पाहिलंच नाही असा. माझ्यानंतर येशील तेव्हा त्या दारात तू उभा राहा.

ठिकाण: पुणे
दिनांक: ८ ऑगस्ट २०२४

(सही) श्यामसुंदर दामोदर केतकर

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष वरील सही झाली:
१. (सही) डॉ. हेमा परचुरे
२. (सही) वल्लरी आगाशे