नसीमचा जुना आवाज

अलेक्झांड्रिया, ४ फेब्रुवारी

ती. आब्ला, म्हणजे माझी थोरली ताई ओदेत हिस,
सा. न. वि. वि.

अक्षर पाहून दचकू नकोस. मी सांगतोय आणि शेजारच्या मदाम इनायात लिहून घेताहेत. रामेझ सुट्टीत मॉन्ट्रियलहून आला होता. त्याने माझ्या कॉम्प्युटरमधली जुनी विंडोज काढून नवीकोरी बसवली. मला अक्षरं वाचून दाखवणारा जुना आवाज तिच्यात चालत नाही. नवा आवाज गोड आहे, पण सावकाश बोलतो. त्यामुळे माझं टायपिंग तूर्त बंद. बाकी सगळं छान. मुलगा गुणी आहे. ईस्टरनंतर त्याच्याकडेच राहायला जावं म्हणतो.

तुझा धाकटा,
नसीम

ता. क. उस्ताद नसीम जेवत नाहीत. मी पाठवलेलं मुलोखियाच्या पालेभाजीचं भांडं भरलेलं परत येतं. रामेझला कळवलं आहे. इनायात.

कैरो, ११ फेब्रुवारी

चि. नसीम यास,
अनेक आशीर्वाद.

सगळं छान? माझ्या लग्नाच्या केकलासुद्धा तू कधी छान म्हणाला नाहीस! आमच्या कॉन्व्हेंटच्या निवासी शाळेत सिस्टर आमची पत्रं फोडून वाचायच्या. म्हणून आम्ही घरी लिहायचो की जेवण उत्तम आहे, सिस्टर प्रेमळ आहेत. आई तेवढ्यावरून ओळखायची आणि पुढच्याच रविवारी डबा घेऊन दारात उभी राहायची. तुझं पत्र थेट तसलंच आहे.

मदाम इनायात, हे तुम्हीच वाचून दाखवणार, तेव्हा जरा मोठ्याने वाचा. तुमचा स्वयंपाक उत्तम असेल, पण मला भावाशी भांडायला मध्ये तिसरं माणूस नको.

गुडघे साथ देत नाहीत, तरी गुरुवारच्या गाडीने येते.

तुझी,
ओदेत

अलेक्झांड्रिया, २० फेब्रुवारी

चि. रामेझ यास,
आशीर्वाद, आज जरा नाइलाजाने.

फोनवर तू म्हणालास, आत्या, बाबांना साधा कॉम्प्युटर जमत नाही, ते एकटे कसे राहणार, फ्लॅट विकू या. अरे शहाण्या, डोळे गेल्यापासून तो माणूस एकटा राहून रोज टायपिंग करत होता. जमत होतं ते तू मोडलंस, आणि आता जमत नाही म्हणून त्याला उचलून बर्फात नेतोस?

मी कॉम्प्युटर टॅक्सीत घालून दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, हाज्जा, सगळं जग पुढे चाललंय, तुम्ही मागे कुठे निघालात? मी म्हटलं, पहिलं म्हणजे मी हज करून आलेली हाज्जा नाही, गळ्यातला क्रॉस दिसत नसेल तर चष्मा घे. दुसरं, जिथे काम होतं तिथे निघाले आहे. त्याने बजावलं की मागे जायचं तर आतलं सगळं पुसावं लागेल. म्हणून आधी तुझ्या वडिलांची सगळी पत्रं बाजूला उतरवून घेतली, मग पुसलं, मग मी खरेदीच्या वेळेपासून जपून ठेवलेली जुन्या विंडोजची नि त्या आवाजाची सीडी घातली. अर्ध्यात वीज गेली. पुन्हा पहिल्यापासून. पाय सुजून भाकरी झाले.

जुन्यात चोर शिरतात, असं तू ओरडशीलच. इंटरनेटची वायर काढून टाकली आहे. माझ्या शिव्या चोरून कोणाला काय मिळणार?

शेवटी तो पत्र्याचा आवाज बोलू लागला, बसच्या कंडक्टरसारखा भरभर. तुझे वडील त्याच्यावर खेकसले. तेव्हा कुठे मी खुर्चीत टेकले.

तुझी,
आत्या ओदेत

अलेक्झांड्रिया, २ मार्च

ती. आब्लास,
सा. न. वि. वि.

हे मीच टाइप करतोय. चुका माझ्या, वाचायला तूच.

त्या पत्रात लिहिता आलं नाही, ते आता लिहितो. मला जायचं नव्हतं. मदाम इनायात मनाने चांगल्या आहेत, पण मी सांगितलेलं सगळं संध्याकाळी रामेझला कळायचं. आणि तो नवा आवाज इतका हळू, की वाक्य संपेपर्यंत मी सुरुवात विसरायचो. मला वाटलं, माझंच डोकं गेलं. मुलगा म्हणतो ते खरं असेल, असं समजून मी होकार दिला होता.

काल रामेझला स्वतः पत्र लिहिलं की मी इथेच राहणार, फ्लॅट विकायचा नाही. छापून मीच पोस्टात टाकलं. मदाम इनायातना फक्त मुलोखिया मागितली. सगळी संपवली, जरा खारट होती.

दुकानदार म्हणतो, हे जुनं यंत्र फार तर दोनेक वर्षं ओढेल. मी कुठे जास्त मागतोय?

लोभ आहे तोच असू द्यावा, नवा बसवू नये.

तुझा,
नसीम