कोपऱ्याचा खड्डा

४ डिसेंबर
प्लॉटाच्या चिठ्ठ्या टाकून झाल्या. नेरच्या बाहेर, नव्या ले-आउटात आमचे तीन प्लॉट. एका लायनीत तीन घरं, मधातल्या दोन भिंती सामाईक. बेबीताईले (आंगणवाडीतल्या) अलीकडचं टोक, मले मधातलं. कोपऱ्याचं प्रल्हादले. दोन अंगानं हवा, दोन खिडक्या जास्त. मीनं तेच मनात धरलं होतं. प्र. पाया पडला. म्हणे, काका, तुमच्या भिंतीले भिंत भेटली, अजून काय पाह्यजे? हासलो वरून. आतून जळलो. मालाचा ऑटो चालवणारं तीस वर्षाचं पोट्टं, अन् त्याले कोपरा!

१२ डिसेंबर
खोदकाम आपलं आपणच. तिन्ही घराईची माणसं, एकमेकाच्या खड्ड्यात. उकंडराव मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगतलं, काळी माती हाय, पावसात फुगते, उन्हात फाटते, मुरूम लागल्याबिगर मी कॉलम उभा करणार नाही. लागला का नाही ते नामाभाऊ सांगन. म्हणजे मी. जिंदगी विहिरी खोदण्यात गेली, सब्बलीच्या, पहारीच्या, आवाजावरून सांगतो. बेबीताईचे खड्डे पास. पाच फुटावर पिवळा मुरूम.

१७ डिसेंबर
माहे खड्डे झाले. मुरूम लागला तरी अर्धा फूट अजून गेलो. घरवाली सुमन म्हणे, घर बांधता का विहीर पाडता? म्हटलं, म्हातारपण इथंच काढाचं हाय. रातीले जिनिंगवर चौकीदारी, दिवसा सब्बल. कंबर धरली.

२० डिसेंबर
शेवटचा खड्डा, प्र.च्या कोपऱ्याचा. साडेतीन फुटावर सब्बल वाजली. प्र. वरून ओरडला, "लागला का काका?" हात लावून पाह्यलं. पांढरे खडे. चुनखडी. काळ्या मातीच्या पोटात असा थर असते, त्याच्या खाली पुन्हा काळीच. मले समजलं. उद्या सकाळी मिक्सर येणार, कंबर जाम, अन् कोपरा काही माहा नाही. म्हटलं, लागला.
उकंडराव म्हणे, "इथं इतका वर?" म्हटलं, मुरूम कुठं वर येते, कुठं खाली जाते. मान हालवली त्यानं. माह्यापुढं कोण बोलन?
प्र.नं सगळ्याईले जिलेबी खाऊ घातली. मीही खाल्ली.
मुरूमही असू शकते. नाही असं नाही.

१४ मार्च
स्लॅब पडला. तिन्ही घराईवर एकच. प्र.ची माय सत्तरीची, तीही लायनीत. म्हणे, मलेही एक घमेलं द्या, माहंही घर हाय. खड्डा आठवला. मग गडबडीत सांगाचं राहून गेलं.

बुद्ध पौर्णिमा
तिन्ही घरी एकाच दिवशी प्रवेश. वंदना झाली, खीर झाली. प्र.च्या मायनं कोपऱ्याची खोली घेतली. खिडकीतून रस्ता दिसते म्हणे, येणारं जाणारं दिसते.

९ ऑगस्ट
आठ दिवसाची झड. मायच्या खोलीत खिडकीखालून तिरपी भेग. बारीक. प्र. म्हणे, प्लास्टर असन. म्हटलं, प्लास्टरच. घरी येऊन ताटावरून उठलो. चोराच्या मनात चांदणं.

२६ सप्टेंबर
भेगेत आता बोट जाते. मायच्या खोलीचं दार लागत नाही, प्र.नं रंधा मारला, तरी नाही. बेबीताई म्हणे, उकंडरावनं सिमेंट खाल्लं, दुसरं काय! प्र.नं त्याले बोलावलं अन् रस्त्यावरच लय शिव्या देल्ल्या. उकंडराव ऐकून घेत होता. भेग पाह्यली, म्हणे, ही सिमेंटची नाही, ही खालून आली. प्र. अजूनच भडकला. "खालचं नामाकाकानं पाह्यलं हाय. खालचं नाव काढाचं नाही!"
उकंडरावनं माह्याकडं पाह्यलं. मी भेगेकडं पाह्यत राह्यलो.

१८ ऑक्टोबर
उकंडरावचं बोरी अरबचं काम गेलं. भेगेचा फोटो तिथवर पोचला. बाजारात भेटला, हात धरून बाजूले नेलं. "नामाभाऊ, रोग हल्याले अन् इंजेक्शन पखालीले! दोष खालचा, शिव्या मले. तुम्ही फक्त एक शब्द बोला. तुमचं ऐकतीन." म्हटलं, बोलतो. घरी आलो, प्र. दारातच होता, या काका म्हणे, बसा. बसलो. पऱ्हाटीचं बोललो, थंडीचं बोललो. ते नाही बोललो. थू हाय माह्या जिनगानीवर.

३ नोव्हेंबर
माती सुकून राह्यली, कोपरा बसून राह्यला. आता आमच्या सामाईक भिंतीलेही भेग. प्र.ची माय अजून त्याच खोलीत झोपते. म्हटलं, मावशी, तुम्ही पुढच्या खोलीत झोपत जा. म्हणे, काहून? पाया तं तुवा पाह्यला ना बाप्पा.
काय सांगू हिले? भिंत आली अंगावर तर? सुमनले अजून काही माहीत नाही.

८ नोव्हेंबर
सांगतलं.
प्र. ऑटो धूत होता. म्हटलं, प्रल्हाद, तुह्या कोपऱ्यात मुरूम नव्हता. चुनखडी होती. मले तवाच समजलं होतं. कोपरा तुले लागला याची आग होती मनात. उकंडरावचं काही चुकलं नाही. मायले आजच्या आज तिथून हालव.
पाइप हातातच राह्यला त्याच्या. मग हासला! "उकंड्या येऊन रडला ना तुमच्यापाशी? लय भोळे हाय तुम्ही काका. दुसऱ्याचं पाप कायले अंगावर घेता?"
"खरं सांगून राह्यलो, लेका."
"तुम्ही खोटं बोलान अन् मी मानीन? अख्खा तालुका तुमच्या शब्दावर विहीर खोदते." पुन्हा पाया पडला.
घरी सुमनले सांगतलं. ती नाही हासली. मग म्हणे, "सांगून झालं ना? त्यानं नाही मानलं, त्याले तुम्ही काय करान? आता गप राहा."
गप राहाची सोय झाली. तेच वाईट वाटून राह्यलं.

१२ नोव्हेंबर
डोळ्यानं पाह्यल्याबिगर त्याले पटणार नाही. ड्युटीवरून आलो तशी सब्बल काढली. कोपऱ्याच्या बाहेरून, कॉलमपासून दोन हात सोडून खोदाले लागलो. प्र.ची बायको ज्योत्स्ना चहा घेऊन आली. "या वयात आमच्यासाठी किती तरास घेता काका!" म्हटलं, तुमच्यासाठी नाही वो. तिले ते नम्रपणा वाटला. माय खुर्ची टाकून बसली. बेबीताई आली.
दुपारपावतर साडेतीन फूट. सब्बल वाजली.
प्र. उडालाच. "ऐकलं का माय? ऐकलं का बेबीताई? लागला मुरूम! काकाचा शब्द हाय, खोटा कसा होईन?" सब्बल पुन्हा आपटून तो आवाज फोनमध्ये भरून घेतला त्यानं, उकंडरावले पाठवाले.
म्हटलं, थांब, हा मुरूम नाही, अजून खाली जाऊ दे. "बस करा काका, कंबर जाईन तुमची." हात धरून वर काढलं मले. त्यानं अन् ज्योत्स्नानं, दोघाईनं. कंबर खरंच गेली होती, हात सोडवता आला नाही.
चुनखडी हातभर असन. त्याच्याखाली काळी. तासाभराचं काम.
मायले सांगतलं, खोली सोडा. म्हणे, आता तं भेव गेलं बाप्पा.
खड्डा बुजवाले प्र. उद्या सकाळी सातले येणार. माही ड्युटी सहाले सुटते.